रोजच्या खरेदीच्या पावत्या जपाव्यात का? एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या एका उपनगरात राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील वगळले आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची पत्नी यांना येथे काका आणि काकू असे म्हटले आहे. त्यांचा मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. घरखर्चाचा हिशेब गेली कित्येक वर्षे काकूंकडेच आहे.

काकूंच्या माहेरी किराण्याच्या आणि कापडाच्या पावत्या भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवण्याची रीत होती आणि ती त्यांनी सासरीही चालू ठेवली. तार भरली की पावत्या पत्र्याच्या डब्यात जात आणि डबा भरला की माळ्यावरच्या पेटीत. त्यांत भुसारमालाच्या दुकानाची बिले होती, मेडिकलच्या चिठ्ठ्या होत्या, चपलांच्या पावत्या होत्या, गॅसच्या टाकीच्या पावत्या होत्या आणि त्यांतच कोठेतरी मिक्सरची चिठ्ठी आणि फ्रिजचे बिलही होते. पावती जपायची हे घरात ठरलेले होते, परंतु कशासाठी जपायची आणि किती काळ, हे कोणी कधी विचारले नव्हते.

सुनेचे मत याच्या नेमके उलट होते. पैसे आता बहुतेक वेळा फोनवरून जातात, प्रत्येक व्यवहाराची नोंद बँकेकडे असते, मग हा कागदाचा पसारा कशाला, असा तिचा सरळ प्रश्न होता. २०२३च्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी रिकामी करण्यावरून घरात थोडी कुरबूर झाली आणि विषय तेथेच राहिला. तो पुन्हा वर आला २०२४च्या मे महिन्यात, आणि तेव्हा एकाच वेळी दोन बाजूंनी.

प्रश्न कोठे उभा राहिला

पहिली बाजू विम्याची होती. फेब्रुवारीत काकांची अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालयाचे मुख्य बिल कॅशलेस पद्धतीने परस्पर भरले गेले. त्यांच्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांचा औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांच्या फीचा खर्चही मिळणार होता. मात्र तो आधी स्वतः करून नंतर बिले पाठवून मागायचा होता. कुटुंबाने एप्रिलअखेर सुमारे १४,००० रुपयांची बिले पाठवली. मे महिन्यात कंपनीचे पत्र आले, त्यात सुमारे ४,२०० रुपयांचा खर्च नामंजूर केलेला होता.

दुसरी बाजू इन्व्हर्टरच्या बॅटरीची. मेअखेरच्या वळवाच्या पावसात वीज जाऊ लागली, तेव्हा दहा मिनिटांतच बॅटरी मान टाकते असे दिसले. बॅटरी २०२१च्या दिवाळीत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली होती. वॉरंटी पहिले ३६ महिने पूर्ण बदलून देण्याची होती आणि त्यापुढील २४ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत काही सवलत देण्याची. खरेदीपासून मोजले तर ३१वा महिना संपत आला होता, म्हणजे बॅटरी विनामूल्य बदलून मिळायला हवी होती.

इन्व्हर्टरच्या वर भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात बिल ठेवलेले होते. ते बाहेर काढले तर कागद कोरा होता. दुकानाच्या नावाच्या जागी फिकट करड्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. वॉरंटी कार्ड शाबूत होते आणि त्यावर बॅटरीचा क्रमांकही होता, पण विक्रीच्या तारखेची जागा आणि दुकानदाराच्या शिक्क्याची जागा दोन्ही रिकाम्या होत्या.

बिल कोरे का झाले

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण पावती जपूनही ती हाती लागत नाही असे अनेक घरांत होते आणि त्याचे कारण बहुधा इतकेच असते. दुकानातील छोट्या यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती शाईने छापलेली नसते. त्या कागदावर उष्णता लागली की काळे होणारे रसायन लावलेले असते आणि यंत्र केवळ उष्णतेने अक्षरे उमटवते. जी अक्षरे रसायनाने उमटतात, ती ऊन, उष्णता, तेलकट हात, डिंक आणि मऊ प्लास्टिकमधील द्रव्ये यांच्यामुळे उडूही शकतात. काकांनी बिल जपण्यासाठीच प्लास्टिकच्या पाकिटात घातले होते आणि ते पाकीट लावले होते सतत गरम राहणाऱ्या इन्व्हर्टरच्या डोक्यावर. म्हणजे त्या कागदाला जे सोसत नाही, तेच दोन्ही बाजूंनी त्याच्या वाट्याला आले.

याच घरात उलट प्रकारही घडला होता. फ्रिजचे बिल टिकावे म्हणून काकांनी ते लॅमिनेट करून घेतले होते. लॅमिनेशनच्या यंत्राची उष्णता लागताच संपूर्ण कागद काळा पडला आणि त्यावरचे एक अक्षरही वाचता येईना. साध्या कागदावरचे प्रमाणपत्र लॅमिनेट करणे चालते, अशा बिलाला ते मुळीच चालत नाही.

बिलाशिवाय दावा: समोरचे पर्याय

कंपनीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर तंत्रज्ञ आला. त्याने बॅटरी तपासून ती निकामी असल्याचे सांगितले आणि पुढे जे सांगितले त्यानेच हे प्रकरण खऱ्या अर्थाने सुरू झाले. बिल नसेल तर कंपनी वॉरंटी उत्पादनाच्या महिन्यापासून मोजते आणि क्रमांकावरून हा नग एप्रिल २०२१चा दिसतो, असे तो म्हणाला. त्या वर्षी एप्रिलपासून राज्यात कडक निर्बंध होते, दुकाने बंद होती, माल पडून राहिला होता. तो पडून राहिलेला काळ आता ग्राहकाच्या वॉरंटीतून वजा होणार होता. एप्रिल २०२१पासून मोजले तर ३६ महिने नुकतेच उलटले होते. खरेदीची तारीख सिद्ध झाली तर बॅटरी विनामूल्य, नाही झाली तर सवलत वजा जाता सुमारे ११,००० रुपये खिशातून, असा तो सगळा फरक होता.

सवलत घेऊन मोकळे व्हावे, हा पहिला पर्याय काकांना पटत होता. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, उन्हाळा कडक आणि घरात रात्री पंखा बंद पडतो आहे, अशा वेळी माणूस भांडण नको म्हणतो. या विचाराला नावे ठेवण्यासारखे काही नाही. मात्र यात एक गोष्ट नीट तपासली गेली नव्हती, ती ही की खरेदीची तारीख सिद्ध करण्याचा मार्ग खरोखरच संपला आहे का.

मुलाला थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे असे वाटत होते. हा मार्ग वाटतो तितका अवघड नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०मध्ये लागू झाल्यापासून ग्राहकाला तो राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. परंतु आयोगासमोरही प्रश्न तोच येणार होता: बॅटरी या दुकानातून या तारखेला घेतली याला आधार काय?

सुनेने बँकेचे विवरण काढले आणि तिच्या मताची खरी कसोटी येथे लागली. बॅटरीची किंमत १६,५०० रुपये ठरली होती, जुन्या बॅटरीचे २,५०० वजा होऊन १४,००० द्यायचे होते. त्यांपैकी ५,००० मुलाने आगाऊ म्हणून यूपीआयने पाठवले होते आणि ९,००० काकांनी रोख दिले होते. विवरणात दिसत होते ते फक्त ५,०००, आणि तेही दुकानाच्या नावावर नव्हे तर दुकानदाराच्या वैयक्तिक नावावर. बँकेची नोंद पैसे कोणाला आणि केव्हा गेले हे सांगते, काय घेतले हे ती सांगत नाही. त्या ५,००० रुपयांचे दुकानदाराने काय दिले, बॅटरी, पंखा की दुरुस्ती, हे विवरणावरून कोणालाच ठरवता आले नसते. तरीही ती नोंद निरुपयोगी नव्हती, कारण तिने तारखेचा धागा हाती दिला.

या टप्प्यावर कुटुंबाने माझ्याकडे विचारणा केली. माझे म्हणणे असे होते की आयोगाचा मार्ग राखून ठेवावा आणि आधी दुकानदाराकडे बिलाची दुसरी प्रत मागावी. ती तोंडी मागू नये, लेखी मागावी.

बॅटरीच्या प्रकरणात काय केले

काका आधी स्वतः दुकानात जाऊन आले होते. संगणकप्रणाली बदलली, जुनी बिले निघत नाहीत, असे उत्तर त्यांना मिळाले होते. दुकानदार टाळाटाळ करत होता असे मला वाटत नाही. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला समोरच्या पडद्यावर जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही असे वाटते.

मात्र कायद्याने ती नोंद असायला हवी होती. जीएसटी कायद्याच्या कलम ३६प्रमाणे नोंदणीकृत विक्रेत्याला त्याचे हिशेब आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. बॅटरीची खरेदी २०२१-२२ या आर्थिक वर्षातली, त्या वर्षाच्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२२, म्हणजे ती नोंद डिसेंबर २०२८अखेरपर्यंत दुकानदाराकडे असणे आवश्यक होते. घरातली पावती कोरी झाली तरी तिची जोडी दुसरीकडे जिवंत असते आणि ती मागता येते, हे बहुतेक ग्राहकांना ठाऊकच नसते.

पत्र एका पानाचे लिहिले. त्यात बॅटरीचा क्रमांक, खरेदीचा आठवडा, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख, उरलेली रक्कम रोख दिल्याचा उल्लेख आणि कलम ३६चा संदर्भ देऊन बिलाची दुसरी प्रत मागितली. भाषा सौम्य ठेवली, कारण दुकानदाराकडून नोंद हवी होती, कबुलीजबाब नव्हे. पत्राची एक प्रत दुकानात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

दुकानदाराने पत्र आपल्या कर सल्लागाराकडे पाठवले आणि पंधरवड्याच्या आत नोंद सापडली. ग्राहकाच्या नावाच्या जागी केवळ ‘रोख’ असे होते, परंतु तारीख जुळत होती, रक्कम १४,००० होती आणि मालाच्या तपशिलात बॅटरीचा पूर्ण क्रमांक होता. हाच क्रमांक वॉरंटी कार्डावर आणि प्रत्यक्ष बॅटरीवरही होता. दुकानदाराने दुसरी प्रत सही-शिक्क्यासह दिली, कंपनीने ती मान्य केली आणि बॅटरी विनामूल्य बदलून दिली.

ही नोंद सापडली त्यामागे २०२१मधला एक छोटा निर्णय होता. काकांना दुकानात विचारले गेले होते की बिल नको असेल तर दीड हजार कमी करतो. त्या वेळी शिशाच्या बॅटरीवर जीएसटीचा दर २८ टक्के होता, त्यामुळे हा प्रस्ताव दोघांनाही मोहात पाडणारा होता. काकांनी सरकारी नोकरीतल्या सवयीने पक्के बिल मागितले. त्यांनी दीड हजार वाचवले असते तर दुकानाच्या वहीत ती विक्रीच नसती आणि मग कलम ३६चा आधार घेऊन मागायचे तरी काय? कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या वस्तूची वॉरंटी कागदावर असते, पण ती वस्तू विकली गेल्याचा पुरावा दोन्ही बाजूंना नसतो. याच घरातला मिक्सर असा कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला होता आणि त्याची मोटर वॉरंटीत असतानाच जळाली तेव्हा दुरुस्तीचे पैसे निमूटपणे द्यावे लागले होते. विकलेल्या वस्तूचे बिल किंवा पावती न देणे ही २०१९च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते.

औषधांची बिले

येथे अडचण पावती हरवल्याची नव्हती. काकूंनी एकूण एक चिठ्ठी जपली होती. अडचण अशी होती की जपलेल्या अनेक कागदांवर विमा कंपनीला हवी ती माहितीच नव्हती.

नामंजूर रकमेचे तीन भाग पडत होते. काही बिलांवर रुग्णाचे नाव नव्हते, कारण औषधे आणायला सून किंवा मुलगा जात असे आणि घाईत नाव सांगायचे राहत असे. दोन रक्त-तपासण्यांची बिले होती, पण त्या तपासण्या करायला सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी फाइलला जोडलेली नव्हती. आणि काही कागद ही बिले नव्हतीच; कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दोन-तीन गोळ्यांची पाने घेतली की मिळणाऱ्या, केवळ रक्कम लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. औषधाच्या नीट बिलावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत असते. त्या चिठ्ठ्यांवर यांतले काहीच नव्हते.

पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त करता आल्या. मेडिकलच्या संगणकात विक्रीच्या नोंदी होत्या, त्यामुळे रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव घालून बिले पुन्हा काढून मिळाली. हृदयरोगतज्ज्ञांकडच्या केसपेपरवर तपासण्या लिहिलेल्या होत्या, त्याची प्रत जोडली. फेरविचाराच्या अर्जानंतर कंपनीने आणखी सुमारे २,३०० रुपये मंजूर केले. चिठ्ठ्यांचे १,९०० रुपये मात्र मिळाले नाहीत.

घरातील चर्चा आणि ठरलेली पद्धत

या दोन अनुभवांनंतर जूनमध्ये चौघे एकत्र बसले. सगळे जपायचे हा काकूंचा मार्ग आणि काहीच जपायचे नाही हा सुनेचा मार्ग, दोन्ही अपुरे ठरले होते. काकूंच्या पेटीत सगळे होते, पण हवे ते वेळेवर सापडत नव्हते आणि सापडले तरी कोरे किंवा अपूर्ण निघत होते. सुनेच्या बँक-विवरणात तारीख होती, पण वस्तू नव्हती. फक्त मोठ्या रकमेचीच बिले ठेवायची असे काकांनी सुचवले, आणि ते ऐकायला योग्य वाटते. परंतु औषधांच्या बाबतीत तेच नडले होते, कारण तेथे ४,२०० रुपये ऐंशी-शंभर रुपयांच्या तुकड्यांतून उभे राहिले होते. पावतीची किंमत वस्तूच्या किमतीवरून ठरत नाही.

ती कशावरून ठरते, हे मुलाने मांडले आणि मला ते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत नेमके वाक्य वाटले: या वस्तूबद्दल प्रश्न किती दिवस उठू शकतो आणि तो विचारणारा कोण असेल? किराण्याबद्दल प्रश्न उठलाच तर तो घरातूनच उठतो आणि लवकर उठतो. बॅटरीबद्दल कंपनी विचारते आणि ती पाच वर्षांपर्यंत विचारू शकते. औषधांबद्दल विमा कंपनी विचारते, तिच्या मुदतीत आणि तिच्या अटींवर.

या एका प्रश्नावरून पुढची मांडणी आपोआप झाली. किराणा, भाजी, बेकरी यांची बिले महिनाअखेरच्या हिशेबापर्यंत, पण किमान ३० दिवस, ठेवायची आणि मग टाकायची. यात कायद्याचाही एक सोयीचा आधार आहे: वस्तू सदोष निघाली तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, ती परत घेऊन पैसे देण्यास विक्रेत्याने नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे ३० दिवस ही रोजच्या खरेदीच्या पावतीची किमान मर्यादा ठरते. जे पाकीटबंद पदार्थ महिन्याहून अधिक काळ टिकतात, त्यांचे बिल पाकीट संपेपर्यंत ठेवायचे. कपडे आणि चपला यांची पावती बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत आणि वर दोन-तीन धुण्यांपर्यंत.

विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूचे बिल ती वस्तू घरात आहे तोवर ठेवायचे ठरले. वॉरंटीच्या शेवटच्या दिवशी बिघाड झाला तरी त्यापुढे दोन वर्षे तक्रार करता येते, हे लक्षात घेता यापेक्षा आधी टाकण्यात काही अर्थ नव्हता. येथेच एक महत्त्वाचा तपशील पुढे आला. नवी बॅटरी मिळाल्यावर जुने बिल आता टाकायला हरकत नाही असे सुनेला वाटले. परंतु बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी मिळत नाही, मूळ खरेदीपासून उरलेला काळच मिळतो, असे वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले होते. म्हणजे नोव्हेंबर २०२१चे ते बिल नोव्हेंबर २०२६पर्यंत लागणार होते. बदलून दिल्याची कंपनीची पावती त्यालाच जोडली.

औषधांची बिले प्रत्येक महिन्याच्या चिठ्ठीसह एकत्र टाचायची आणि पैसे देण्यापूर्वीच त्यांवर रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि तारीख पाहून घ्यायची, असे ठरले. मला या सगळ्या पद्धतीत हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. पावती जपण्याचे काम घरी आल्यावर नव्हे, तर दुकानाच्या काउंटरवर सुरू होते. तेथे अर्धा मिनिट दिला नाही तर घरी वर्षभर जपलेला कागदही उपयोगी पडत नाही.

गुळगुळीत कागदावरच्या बिलाची त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढायची आणि फोटोही काढून ठेवायचा, त्याच्या नावात वस्तू आणि तारीख लिहायची, हे काम सुनेने घेतले. फोटो फक्त फोनच्या संदेशांत राहू द्यायचे नाहीत, कारण फोन बदलला की ते शोधणे पेटी शोधण्याइतकेच कठीण होते. ज्या दुकानांत बिल मोबाइलवर येते, तेथे मिळालेला दुवा न ठेवता बिल उतरवून घ्यायचे, कारण दुवा काही काळाने बंद होऊ शकतो. मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिल निघणार नाही असे कोणी म्हटले तर तो द्यायचा नाही हेही ठरले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्ये विक्रेत्यांना क्रमांकाची सक्ती करू नये असे कळवले आहे.

लहान खरेदीबद्दल एक मर्यादा मान्य करावी लागली. २०० रुपयांहून कमी खरेदीवर, ग्राहकाने मागितले नाही तर, नोंदणीकृत दुकानदाराने स्वतंत्र जीएसटी बिल दिलेच पाहिजे असे बंधन नाही. दिवसाचे एकत्रित बिल त्याला करता येते. भाजीवाल्या मावशींकडे तर बिलाचा प्रश्नच नाही. म्हणून काकूंच्या वहीतली रोजची हाताने लिहिलेली नोंद चालूच राहिली. माझ्या मते या घरातल्या कुठल्याही पावतीपेक्षा ती वही अधिक विश्वासार्ह आहे, कारण तिच्यात रोखीचा खर्चही आहे.

परिणाम

माळ्यावरची पेटी दोन रविवारी बसून निवडली. जवळजवळ सगळे कागद टाकण्याजोगे निघाले आणि अर्ध्याहून अधिक कागद वाचताच येत नव्हते. ठेवण्याजोग्या कागदांत घरपट्टीच्या जुन्या पावत्या, दोन दागिन्यांची बिले आणि पाण्याच्या फिल्टरचे बिल होते. फिल्टरच्या एका सुट्या भागाची वॉरंटी अजून चालू असल्याचे त्यावरून कळले आणि तो भाग बदलून मिळाला.

त्यानंतरच्या वर्षात काकांच्या नियमित औषधांची बिले नीट राहिली. रोजच्या पावत्यांना लागणारा काकूंचा वेळ कमी झाला आणि त्यावरून होणारी कुरबूर थांबली. पद्धत सगळीकडे मात्र पाळली गेली नाही. चपलांच्या पावत्या अजूनही पिशवीतच राहतात, आणि मुलगा बाहेरून काही घेऊन आला की झेरॉक्स काढायचे विसरतो.

काय वेगळे करता आले असते

बॅटरी घेतली त्या दिवशी दुकानातच वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घेतला असता, तर पुढचे काहीच करावे लागले नसते. कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि खरेदीची तारीख नोंदवण्याची सोयही होती. ती खरेदीनंतर लगेच वापरली असती तर उत्पादनाच्या महिन्यापासून मोजण्याचा प्रश्नच आला नसता. घरात बसवायला आलेला माणूस हे काम दोन मिनिटांत करून देतो, फक्त त्याला सांगावे लागते.

पैसे देण्याच्या पद्धतीतही सुधारणा शक्य होती. संपूर्ण रक्कम दुकानाच्या खात्यावर गेली असती तर बिलाची रक्कम आणि बँकेची नोंद तंतोतंत जुळली असती. अर्धे रोख, अर्धे फोनवर आणि तेही वैयक्तिक नावावर, अशा व्यवहारात पुरावा तुकड्यांत विखुरतो. येथे बॅटरीचा क्रमांक बिलात होता म्हणून ते तुकडे जुळले. किरकोळ वस्तूंवर असा क्रमांक नसतो.

दुकानदाराला आधीच लेखी पत्र दिले असते तर काकांची पहिली फेरी वाचली असती. दुसरी प्रत देण्यास त्याने नकार दिला असता, तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ क्रमांकावर तक्रार आणि त्यानंतर जिल्हा आयोग, अशी ठरवून ठेवली होती. पत्राची पोच त्यासाठीच घेतली होती.

विम्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीची कागदपत्रांची यादी वाचली गेली नाही, हे मुळाशी होते. रुग्णालयाच्या मदत कक्षात ती यादी मिळते आणि औषधे आणणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर तिचा फोटो ठेवता येतो. उरलेल्या १,९०० रुपयांसाठी कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत, कोणतेही शुल्क न देता, विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे अर्ज करता आला असता. कुटुंबाने त्यावर विचार केला, परंतु त्या चिठ्ठ्यांवर औषधाचे नावच नसल्याने लोकपालापुढे ठेवण्यासारखे काही हाती नाही हे लक्षात आल्यावर ती रक्कम सोडून दिली. त्या मेडिकलमधून आता दोन गोळ्या घेतल्या तरी ते बिल मागतात आणि दुकानदार ते देतो.